तीन जादा पाटे

त्रेचाळीस सालच्या जूनमध्ये आमच्या ट्रान्सपोर्ट कंपनीचा एक सेक्शन पाटणच्या पुढे हेळवाकला पाठवण्यात आला. सहा लॉऱ्या, चौदा माणसं. कोयनेच्या खोऱ्यातल्या जंगलात एका इन्फन्ट्री बटालियनचं ट्रेनिंग चालू होतं. ती पुढे ब्रह्मदेशात जाणार होती. आमचं काम सरळ होतं. नऊ मैल आत असलेल्या पोस्टवर रेशन पोचवायचं आणि येताना आजारी जवान खाली आणायचे.

मी नाईक शंकर मोहिते, ड्रायव्हर-मेकॅनिक. गाव वाळव्याकडचं. फौजेत यायच्या आधी सांगलीत उस्मानचाचांच्या कारखान्यात सहा वर्षं टांग्यांच्या कमानी बनवल्या होत्या. कमान म्हणजे एकावर एक रचलेले पोलादी पाटे. टांग्याला तेच आणि लॉरीला तेच, फरक फक्त वजनाचा. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे मला विचारण्यात आलं की तू स्वतःला कोण समजतोस.

पहाटे पाचला रोल कॉल. साडेपाचला गाड्यांची तपासणी. सातला पहिली लॉरी निघायची. सहाव्या मैलावर एक ओढा होता. पात्र रुंद नव्हतं, पण तळाशी गुडघ्याएवढे धोंडे. मागच्या ॲक्सलच्या मध्यावर जो लोखंडी गोळा असतो, त्याला आम्ही डिफ म्हणायचो. तो दर फेरीला धोंड्यावर आपटायचा. पंधरा दिवसांत दोन गाड्यांचे डिफ फुटले. गाड्या उंच केल्याशिवाय इलाज नव्हता, हे सगळ्यांना मान्य होतं. वाद झाला तो उंच कशा करायच्या यावर.

वर्कशॉपचे जमादारसाहेब म्हणाले, प्रत्येक कमानीत तीन पाटे वाढवा. नवाचे बारा करा. गाडी उचलली जाईल.

मी म्हणालो, "साहेब, उचलली जाईल, पण दबणार न्हाई. चाक धोंड्यावर चढलं की पाट्यानं दबाय पायजे. पाटा दबला न्हाई तर सगळी गाडीच कलती."

"मग तुझं काय म्हणणं?"

"पाटे नऊच ठेवा. त्यास्नी बाक जास्त द्या. सांगलीला भट्टीत घालून, पाणी देऊन आणतो. तीन इंच उंची मिळंल. तीनच. त्याच्या वर गेलो तर शाफ्टचा सांधा तुटंल."

"किती दिवस?"

"चार."

"दोन दिवसांत सहाही गाड्या रोडवर पाहिजेत. कॅप्टनसाहेबांचा हुकूम आहे. तू स्वतःला कोण समजतोस? हुकूम ऐक, अक्कल चालवू नको."

आम्ही पाटे वाढवले. माझ्याच हातांनी मी यू-बोल्ट आवळले. हे लपवण्यात अर्थ नाही.

माझा जोडीदार लान्स नाईक भिवा कोळेकर. आटपाडीकडचा, धनगराच्या घरातला. बाप मेंढरं घेऊन वर्षातले आठ महिने बाहेर असायचा. भिवा कमी बोलायचा आणि गाडी अशी चालवायचा की मागे ठेवलेली अंडी फुटू नयेत. नव्या पाट्यांवरची पहिली फेरी करून तो आला आणि बोनेटवर हात ठेवून म्हणाला, "शंकरा, ह्ये पाटं न्हाईत रं. पाट्याच्या जागी लाकडाचा ओंडका बसवल्यागत वाटतंय."

मी म्हणालो, "हळू जा."

"हळूच जातोय. ह्याच्यापेक्षा हळू म्हंजे उभाच ऱ्हायचं."

मी पुन्हा जमादारसाहेबांकडे गेलो. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

जुलैचा दुसरा आठवडा. पोस्टवरून दोन लॉऱ्या खाली येत होत्या. पुढे भिवा. त्याच्या मागच्या हौद्यात तापाने पडलेले दोन जवान स्ट्रेचरवर. त्याच्या मागे तीस यार्डांवर मी आणि दोन शिपाई. पाऊस होता, पण ओढ्याला पाणी पोटऱ्यांपर्यंतच होतं. सकाळचे अकरा वीस.

भिवा पहिल्या गिअरमध्ये उतरला. डावं पुढचं चाक धोंड्यावर चढलं. पाटे दबले नाहीत. गाडी उजवीकडे कलली, मागचं डावं चाक हवेत आलं आणि इंजिन बंद पडलं. गाडी तशीच अडकून राहिली. उजव्या अंगाला पात्राचा चार फूट खोल डोह होता. ड्रायव्हरची बाजू तीच.

मी पळत गेलो. "भिवा, उडी मार."

त्याचा उजवा पाय ब्रेकवर होता. दोन्ही हात स्टीअरिंगवर. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "हँडब्रेक धरंना झालाय. पाय काढला की गाडी जाती. आदी मागचं काढ."

आम्ही तिघांनी पहिलं स्ट्रेचर काढलं. दुसरा जवान बेशुद्ध होता, पट्ट्याने बांधलेला. पट्टा सुटेना. एका शिपायाने संगिनीने कापला. तेवढा वेळ भिवा पाय दाबून बसला होता. सहा मिनिटं, कदाचित सात. त्याने एकदाच विचारलं, "झालं का?"

मी ओरडलो, "झालं. ये भाईर."

त्याने दार उघडायला हात उचलला आणि चाकाखालचा धोंडा सरकला. लॉरी उजव्या कुशीवर डोहात गेली.

दुसऱ्या लॉरीला साखळी बांधून गाडी उचलायला पाऊण तास लागला. बारा दहाला आम्ही भिवाचा देह बाहेर काढला. दोन्ही आजारी जवान जगले. एक पुढे ब्रह्मदेशात लढला आणि परत आला, असं कळलं.

चार दिवसांनी चौकशी झाली. तंबूत टेबल, टेबलामागे कॅप्टनसाहेब, बाजूला जमादारसाहेब. तीन ओळींचं स्टेटमेंट तयार होतं. गाडी वेगात होती. ड्रायव्हरचा अंदाज चुकला. गाडीत दोष नव्हता. खाली माझं नाव टाइप केलेलं.

कॅप्टनसाहेब म्हणाले, "साइन करो."

मी ते दोनदा वाचलं. कागद टेबलावर ठेवला. "नहीं, साहब."

"क्यों?"

"ये झूठ है, साहब. गाडी पहले गिअर में थी. मैं पीछे था."

जमादारसाहेब मराठीत म्हणाले, "मोहिते, तुझी फीत जाईल."

"जाऊ द्या साहेब."

"कोर्ट मार्शल होईल."

"हूं द्या. तितं बी हेच सांगीन. पाटे मीच बसवलेत. माझ्यावर चार्ज लावा, भिवावर लावू नका."

मी सावधानमध्ये उभा होतो. कॅप्टनसाहेबांनी कागद फायलीत ठेवला आणि मला बाहेर पाठवलं. संध्याकाळच्या परेडला माझ्या बाहीवरच्या दोन्ही फिती कापल्या. नाईकचा शिपाई झालो. सात दिवस छावणीच्या लाइन्सबाहेर जायला बंदी.

पण गोष्ट तिथे मिटली नाही. आमचे डॉक्टर मद्रासकडचे. त्यांनी लिहून दिलं की या लॉऱ्यांत मी माझे पेशंट घालणार नाही. वर पोस्टवर अकरा जण तापाने पडले होते. त्यांना जवान खांद्यावरून नऊ मैल खाली आणत होते. तिसऱ्या दिवशी कॅप्टनसाहेबांनी मला बोलावलं. "चार दिन. एक गाडी."

भिवाच्या लॉरीचेच पाटे सोडवले आणि सांगली गाठली. उस्मानचाचांनी एकेक पाटा टांगून हातोडीने वाजवला. आवाज ऐकून बाजूला काढत गेले. प्रत्येक कमानीतले जादाचे तिन्ही आधी फेकले.

"हे कुणी घातलं रं?"

"मीच, चाचा. हुकूम व्हता."

उरलेल्या पाट्यांतले दोन तडकलेले निघाले, ते नव्याने घडवले. बाक किती द्यायचा ते आम्ही जमिनीवर खडूने आखलं. मी तीन इंच म्हणालो. ते म्हणाले, "पहिल्या महिन्यात अर्धा इंच बसणारच. साडेतीन दे, तीन उरंल." दोन दिवस भट्टी चालली. गाडी उंच झाल्यावर ताणला जाऊ नये म्हणून त्यांनी ब्रेकचा पाइपही लांब करायला लावला. ते माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

ओढ्यावर चाचणी झाली. कॅप्टनसाहेब काठावर उभे. मी म्हणालो, जमादारसाहेबांनी मागच्या हौद्यात उभं राहावं. ते चढले. याबद्दल त्यांना मान दिला पाहिजे. त्याच धोंड्यावर मी डावं चाक घातलं. पाटा दबला, चारही चाकं तळाला टेकून राहिली, डिफ घासला नाही. पलीकडे जाऊन मी गाडी फिरवली आणि परत आणली. दहा दिवसांत सहाही लॉऱ्यांचे पाटे बदलले.

कॅप्टनसाहेब मला म्हणाले, फीत परत मिळेल. मी विचारलं, "और रिपोर्ट, साहब?"

रिपोर्ट माझ्या सहीशिवायच पुण्याला गेला होता. तो बदलणार नव्हता.

"तो फीत रहने दो, साहब."

शेहेचाळीसला मी शिपाई म्हणूनच सुटलो. घरी दोन दिवस राहिलो आणि आटपाडीची वाट धरली. भिवाचे वडील कळपासोबत नव्हते. पोरगा गेल्यापासून त्यांनी लांब जाणं सोडलं होतं. मी कोण ते सांगितलं. त्यांनी पाणी दिलं, बसायला घोंगडं टाकलं. मग म्हणाले, "सरकारचा कागद आला व्हता. मास्तरनं वाचला. त्यात लिवलंय, चूक त्येची व्हती. खरं हाय का?"

"न्हाई, आबा."

"नीट सांग."

मी नीट सांगितलं. वेळेसकट. पाटे कुणी बसवले तेही सांगितलं. माझं संपल्यावर ते उठले, पटका बांधला आणि मला चावडीवर घेऊन गेले. माणसं जमवली. वीस-पंचवीस असतील, मास्तरही होते.

"कागद हितंच वाचला व्हता," ते म्हणाले. "आता हितंच सांग. उभा ऱ्हाऊन सांग."

मी सावधानमध्ये उभा राहिलो आणि सांगितलं. लान्स नाईक भिवा कोळेकर. गाडी पहिल्या गिअरमध्ये होती. दोन आजारी माणसं बाहेर निघेपर्यंत त्याने ब्रेकवरचा पाय काढला नाही. चूक त्याची नव्हती.