बटणं पाठीवर

ती माझी सख्खी धाकटी बहीण. हे आधीच सांगून ठेवतो, कारण लोक तिच्याकडून कपडे शिवून घेतात, फिटिंग बघून वा वा करतात, पण हिचा भाऊ कोण ते कुणी विचारत नाही. मी पंप दुरुस्त करतो. शाळेशी माझं सातवीतच बिनसलं, पण आमच्या घराण्यात हाताला वळण आहे ते आहे. तिच्या हाताला जरा जास्तच.

तिची मांजर, नाव मॅडम. मेव्हणे गेल्यापासून घरात बहिणीला बोलायला तीच एक. मागच्या बाळंतपणात मॅडम मरता मरता वाचली, म्हणून बहिणीने काळजावर दगड ठेवून तिचं ऑपरेशन करून आणलं. डॉक्टरीणबाईंनी मॅडमच्या गळ्यात प्लास्टिकची मोठी कॉलर अडकवली आणि बजावलं, "टाके चाटू द्यायचे नाहीत. आणि सकाळपर्यंत काही खाल्लं नाही, तर लगेच घेऊन या."

आता ती कॉलर ताटलीला आपटायची, की मॅडम मागे. टेबलाच्या पायाला धडक, दाराला धडक. शेवटी भिंतीकडे तोंड करून बसली.

"मीच नेलं तिला," बहीण म्हणाली. "तिला विचारलं तरी होतं का रे दादा?"

"विचारलं असतंस तर काय सही करणार होती?"

हसली नाही. उठली, मेव्हण्यांचा जुना स्वेटर काढला. मी म्हटलं, अगं तो नको. तिने ऐकलं नाही. बाही कापली, टेपने मॅडमचं माप घेतलं, पायांना भोकं, शेपटीखाली मोकळं, आणि बघता बघता अंगरखा तयार. कॉलर काढून तो चढवला. मॅडम दोन पावलं चालली, कण्हली आणि आडवी झाली.

"घट्ट झाला," मी म्हटलं.

"माझं फिटिंग घट्ट होत नाही."

ते खरंच आहे, होत नाही. तिने मॅडमला अलगद उचलून खालून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. बटणं पुढून लावली होती. जन्मभर गिऱ्हाइकांना पुढूनच लावत आली ना. मांजरीचं पुढे म्हणजे पोट, आणि बटणं नेमकी टाक्यांवर.

"कसली मी टेलर," म्हणाली आणि डोळे भरले.

टाके नीट होते, दोघांनी पाहिले. तिने बटणं उसवून पाठीवर घेतली. तोवर मॅडमला मी धरलं. हाताची चाळण झाली, पण मी हूं की चूं केलं नाही. बहिणीला विचारा.

तरीही खाईना. बहीण ताटलीशेजारी जमिनीवरच बसली. मी घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमला दवाखान्यात न्यायला स्कूटर घेऊन आलो. दार नुसतं लोटलेलं. मेव्हण्यांच्या बाहीतून मान बाहेर काढून मॅडम ताटली चाटत होती. बहिणीने मला हातानेच थांबवलं. ताटली लख्ख झाल्यावर हळूच म्हणाली,

"बस दादा, मी दोन घास खाऊन घेते. माझंही कालपासून राहिलंय."