रविवारी तीनची तालीम

किस्से सांगायला बसावे, तर एक दुसऱ्याचा पदर धरून येतो आणि तिसरा बोलावल्यावाचून दारात उभा राहतो. आयुष्यभर मराठीचे व्याकरण शिकवलेल्या बाईकडे रॉक बँडचे किस्से असावेत, याचे साताऱ्यातल्या माझ्या शेजारणींना नवल वाटते. वाटो! आजही रविवारी दुपारी तीन वाजता मी कोणाला घरी बोलावीत नाही.

* * *

सत्तरच्या दशकात मी रहिमतपूरच्या शाळेत होते. माझ्या वर्गात शिकून गेलेला वसंत एका रविवारी शाळेचा ग्रामोफोन मागायला आला. बोटीवर नोकरी करणाऱ्या मामाने त्याला जमैका बेटावरच्या रेगे संगीताची रेकॉर्ड आणून दिली होती. सोबत त्याचा मित्र सिकंदर; त्याच्या वडिलांचा लग्नाचा बँड होता.

रेकॉर्ड सुरू होताच सिकंदर ताडकन उठला. “बाई, ह्यो गडी पहिला ठोकाच मारंना! हात दुखतोय का त्याचा?”

तिसऱ्यांदा ऐकल्यावर मात्र हळूच म्हणाला, “न्हाई बाई. लोकास्नी वाट बघाय लावतोय.”

त्याच दिवशी आमचा बँड जमला; दर रविवारी दुपारी तीनला वर्गात तालीम ठरली. वसंतची गिटार आणि गळा, सिकंदरचा ड्रम, माझी शाळेतली पेटी.

* * *

गाणी वसंतच लिही. “कालव्याला पाणी सुटलं, तू का गं थांबलीस” हे त्याचे पहिले. मी वहीवर लाल शाईने ‘सुटले’ केले.

सिकंदर कळवळून म्हणाला, “आवं बाई, एवढं शुद्ध बोलला तर ती थांबल व्हय? पळूनच जाईल!”

आयुष्यात एकदाच मी माझी लाल दुरुस्ती स्वतः खोडली.

* * *

वडूजच्या एका वरातीत सिकंदरचे वडील आजारी पडल्यामुळे आम्ही तिघे वाजवायला उभे राहिलो. सिकंदरने सवयीने पहिला ठोका गाळला. नाचणारी माणसे एक पाय उचलून तशीच थांबली!

नवरदेवाचा चुलता ओरडला, “आरं, पाय कवा टेकायचा?”

तासाभरात अख्ख्या वरातीला ते जमले. मांडव पन्नास पावलांवर असताना भटजी घड्याळ दाखवू लागले, तेव्हा तोच चुलता घामाघूम होऊन म्हणाला, “गुरुजी, दुसरा मुहूर्त काढा. हे लय झ्याक चाललंय!”

* * *

वसंतचे वडील निवृत्त सुभेदार. घरात दोन पिढ्या पलटणीत गेलेल्या. त्यांनी वसंतला बजावले, “सांगलीच्या गाण्याच्या स्पर्धेत पहिला आलास तर गा. न्हाई तर भरतीला उभं राहायचं.”

सांगलीचे परीक्षक शास्त्रीय संगीतातले. गाणे संपल्यावर त्यांनी कपाळाला आठ्या घालून विचारले, “यात सम कुठे आहे?”

सिकंदर हात जोडून उत्तरला, “सायेब, तुमी मान हलवली नव्हं का, तिथंच!”

सभागृह हसले. परीक्षकही हसले आणि त्यांनी आम्हांला दुसरा क्रमांक दिला.

परतीच्या एस.टी.त वसंत एकच वाक्य बोलला, “बाई, शब्द दिलाय मी आबांना.” महिन्याभरात तो भरती झाला. मी त्याला थांब म्हणाले नाही. म्हणायला हवे होते, असे अजूनही वाटते.

* * *

तो गेल्यानंतरच्या रविवारी मी आणि सिकंदर वर्गात बसलो होतो. बँड मोडायचा, एवढेच बोलायचे राहिले होते.

दारात सुभेदार आले. कडक इस्त्रीचा सदरा, पायांत बूट. मुलांच्या शेवटच्या बाकावर ते कसेबसे मावले.

“तालीम हाय नव्हं आज?”

आम्ही गोंधळून सुरुवात केली. पेटी झाली, ड्रम झाला, आणि वसंतची ओळ आली. दोघेही थबकलो.

बाक करकरला. सुभेदार सावधान उभे राहिले होते. नजर समोरच्या फळ्यावर. त्यांनी ती ओळ म्हटली, मग पुढची, मग सबंध कडवे. अगदी बेसूर, आणि एकही शब्द न चुकता.