शिवदासचं यस

थळच्या कोळीवाड्यात शिवदास नावाचा एक इसम होता. मुंबईत गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर बटलर होता. अठ्ठावीस साली गावी परतला तो साहेबाची उतरलेली टोपी आणि एक शब्द घेऊन. यस. इंग्रजी त्याला चांगलं समजे, पण बोलायला एवढा शब्द पुरतो असा त्याचा अनुभव होता. होय म्हणायचं तर यस, आलो म्हणायचं तर यस, शिवी खाल्ली तर यस, चूक नसताना माफी मागायची तरी यसच. आणि म्हणताना कमरेत असा वाकायचा की बघणाऱ्याला किळस यावी. गाव मात्र भुललं. बाया त्याच्यासाठी चांगलं पापलेट राखून ठेवू लागल्या. वासरांत लंगडी गाय शहाणी, दुसरं काय!

किनाऱ्यालगतच्या उंचवट्यावर बायकांचं खळं होतं. बांबू रोवून दोऱ्या ताणायच्या आणि दोन-दोन बोंबील जबड्यात जबडा अडकवून टांगायचे. नीराबाईचा नवरा दर्यानं गिळला होता. तिची पोरं या खळ्यावरच जगत होती. आमच्या गावची रीत अशी, की टांगलेला बोंबील पुरता वाळल्याखेरीज कुणी उतरवायचा नाही, मग तो वैऱ्याचा का असेना.

एक दिवस घोड्यावरून कुणी सरकारी साहेब आला. त्याला बंगल्यासाठी जागा हवी होती. गावानं मोठ्या तोऱ्यात शिवदासला पुढे केलं. साहेबानं छडीनं खळं दाखवून इंग्रजीत विचारलं, ही जागा पडीक आहे का? यस. गाव ती सोडायला तयार आहे का? यस. समोर बोंबील लोंबत होते, साहेबानं नाकाला रुमाल लावला होता, आणि हा आपला वाकलेलाच. आठवडाभरात साहेबाच्या माणसांनी अर्धवट वाळलेले बोंबील वाळूत फेकले आणि तारेचं कुंपण घातलं.

नीराबाईनं त्याला गाठलं. "तो काय इचारतो, ता तुला कलला व्हता ना?"

"कलला व्हता. पन सायबाला न्हाय कसा सांगाचा?"

या उत्तरानं माझं डोकं अजून तापतं. अडाण्याची चूक समजू शकते. हा समजून-उमजून वाकला आणि वर साहेब खूश झाला म्हणून टोपी झटकत घरी गेला.

नीराबाईनं आरडाओरडा केला नाही. दुसऱ्या सकाळी साऱ्या बाया बांबू आणि टोपल्या घेऊन त्याच्या दारात उभ्या राहिल्या. "शिवदास, तुझे अंगनान बोंबील टांगू ना?" तिनं विचारलं. शिवदासनं सगळ्यांची तोंडं पाहिली. नकार द्यायला लागतो तो कणा त्यानं कधीच विकून खाल्ला होता.

"यस," तो म्हणाला.

त्या दिवसापासून त्याचं अंगण हेच गावाचं खळं झालं. माशा, वास, मांजरं, सगळं त्याच्या दारात. आठ वर्षं त्यानं तक्रारीचा ब्र काढला नाही.

छत्तीस साली तो मेला, तेव्हा अंगणात ताजे बोंबील टांगलेले होते. तिरडी न्यायला वाट उरली नव्हती. त्याचा भाऊ तुळशीराम हात जोडून नीराबाईकडे आला. "नीराबाय, एवढी एक दोरी उतरवतेस काय?"

"न्हाय," नीराबाई म्हणाली.

मग तिरडी हातांत खाली धरून, चौघे कमरेत वाकून, त्याला बोंबलांखालून बाहेर घेऊन गेले.