हळदीवरचा जांभळा

बिरवाडीतल्या संजीवनीच्या पार्लरला पार्लर म्हणायचं ते फक्त तिच्या तोंडावर. नाहीतर ते कसलं पार्लर! कंपनीतल्या कामगारांना भाड्याने देतात तसल्या खोलीचा पुढचा अर्धा भाग, मध्ये पडदा, आणि पडद्याआड रात्रपाळी करून आलेला नवरा घोरत पडलेला. पण बाई हिकमती. महाडला जाऊन दीड महिन्याचा कोर्स केला आणि पापण्यांवर लावायच्या बारा रंगांची डबी मुंबईहून मागवली. त्या डबीला ती नवऱ्यालाही हात लावू द्यायची नाही. त्याला तरी काय करायचे होते म्हणा ते रंग!

२००१ सालच्या वैशाखात कुडपणची ठकूबाई आपल्या लेकीला, सुरेखाला, घेऊन तिच्याकडे आली. चार दिवसांवर लग्न.

"डोल्यांना असं कायतरी लाव गो बाय, का ते कालेच दिसतील," ठकूबाई म्हणाली.

संजीवनीने सुरेखाची हनुवटी वर केली आणि बघतच राहिली. मधासारखे घारे डोळे, कडेला हिरवट झाक.

"माजेच आले हिला," ठकूबाई जमिनीकडे बघत म्हणाली. "घाऱ्या मान्साचा भरवसा नाय म्हनतात. दोन ठिकानी मोडलं त्यापायी. सुनील बघाया आला तवा हिला मान वर करू दिली नाय मी."

"आन लगीन लागल्यावर काय?" सुरेखा फणकारली. "जल्मभर डोले मिटून भाकऱ्या थापू? अंतरपाट सरला का मी सरल त्याच्याकडं बघनार. नाय आवडले तर तिथंच सांगू दे."

निदान साडी हिरवी आहे तर वर हिरवा रंग तरी फास, म्हणजे डोळे त्यात लपतील, असं ठकूबाई म्हणू लागली. कोर्सच्या मॅडमनीही तेच शिकवलं होतं, साडीला मॅचिंग. पण संजीवनी कुणाचं मुकाट्याने ऐकेल तर ती संजीवनी कसली! तिने एका पापणीवर हिरवा लावला, दुसरीवर जांभळा, आणि आरसा सुरेखाच्या हातात दिला. हिरव्याखाली डोळा धुतल्या फडक्यासारखा फिका पडला होता. जांभळ्याखाली मात्र त्यातला हिरवा उठून आला होता, मधाचा रंगही उजळला होता. सुरेखा एक डोळा झाकून दुसऱ्याने बघायची, मग उलटं करायची, आणि खुदुखुदू हसायची.

"जांभला," ती म्हणाली, आणि विषय मिटला.

लग्नाच्या दिवशी सकाळी संजीवनी जीपने कुडपणला पोचली. दिमाखात डबी उघडली, जांभळा लावला, आणि बघते तर काय! आदल्या संध्याकाळी वाडीतल्या बायकांनी नवरीला हळद अशी चोपडली होती की पापण्या पिवळ्याधमक! त्यावर जांभळा बसला तो थेट मळकट, काळानिळा.

"अगो, पोरीला कुनी बुकललंय असं वाटतंय!" ठकूबाई किंचाळली.

आता काय करायचं? चूक संजीवनीचीच. इतकी लग्नं पाहिलेली बाई, पण रंग हळदीआधी बघितला आणि हळद साफ विसरली. खोबरेल तेलाने पुसून पाहिलं. रंग गेला, हळद गेली नाही. बाहेर वाजंत्री सुरू झाली. संजीवनीला रडू फुटायचंच बाकी होतं. मग तिने स्वतःलाच दोन शिव्या हासडल्या आणि ठरवलं, जात नाही ना हळद? मग राहू दे! पिवळ्यावर तिने तांब्याचा रंग बोटाने हलका पसरला, हळद सोन्यासारखी चमकायला लागली. जांभळा फक्त खालच्या कडेला, काडीला कापूस गुंडाळून, बारीक रेघ. सुरेखाने वर बघितलं तेव्हा ठकूबाईने तिच्या कानामागे काजळाची तीट लावली.

मंगलाष्टका सुरू झाल्या. नवरीच्या आईने लग्न लागताना बघायचं नसतं, म्हणून ठकूबाई मागच्या अंगणात तुळशीला पाणी घालत बसली. एकटी कशी सोडायची, म्हणून संजीवनीही तिथेच. पाचवी झाली, सहावी झाली. तुळशीचा पार चिखल झाला. मग टाळ्या पडल्या, वाजंत्री कडाडली आणि मध्येच थांबली. ठकूबाईच्या हातातला तांब्या पडला.

"मोडलं गो, मोडलं!"

तेवढ्यात तिची जाऊ आवडी धावत आली. हसून हसून तिला बोलवेना.

"अगो ठकू! तुज्या पोरीनं वर बघितलं आन नवरा हार धरून उभाच! भटजी दोनदा म्हनाले, घाल रे. तर सुनील म्हनतो कसा, थांबा, बघू तर द्या!"

वाजंत्री पुन्हा सुरू झाली. ठकूबाई ढसाढसा रडली, आणि रडता रडताच हसायला लागली. आता विहिणीला भेटायला मांडवात जायचं होतं. ती उठली, दारापर्यंत गेली आणि परत फिरली.

"त्या डबीत वायच ऱ्हायलंय का गो? तीस वर्सं खाली बघून भेटले सगल्यांना. आता तशी नाय भेटायची."

संजीवनीने तिला उजेडाकडे तोंड करून बसवलं.

"मावशी, वर बघा," ती म्हणाली, आणि ठकूबाईने वर बघितलं.