प्राणहितेत मी डोंगा चालवला

बायांनो, आताच नदीवरून आले. लुगडं ओलं आहे, पण आधी मंडळाच्या फळ्यावर हे लिहून टाकते.

काल आम्ही चौघींनी सहलीले जाऊन प्राणहितेच्या वाळूवर मुक्काम केला. दोन डोंगे जोडून बांधले होते. आज सकाळी खडकांतली वाट इतकी अरुंद निघाली, की जोडी सोडावीच लागली. आता डोंगे दोन अन् नावाडी पोचूभाऊ एकटा.

"एक खाली ठेवून येतो, मग दुसरा नेतो. दुपारपर्यंत बसा," तो म्हणाला.

"दुपारपर्यंत काऊन? दुसरा मी नेते."

"बाई, उलटला तं?"

"तं पोहीन."

माझी नणंद शेवंता काठावरून ओरडली, "त्यात सारे भांडे आहेत! बुडवले तं घरी येऊ नको!"

मी बसले अन् बांबू रेटला. पहिल्याच खडकाले डोंगा असा घासला, की सारे भांडे खणखणले. मग धारेनंच ओढून नेलं. मी ओरडून राह्यले होते, भीतीनं नाई, मजेनं! भांड्यांसकट खाली पोहोचले, तं पोचूभाऊ त्याच्या डोंग्यात अजून मागंच.

इतकी वर्षं मी या नदीत नुसते कपडे धुतले.

कोणाकोणाले डोंगा चालवायचा आहे? खाली नाव लिहा. घरी विचारून सांगते म्हणणारीनं लिहू नये.