बत्तिशीबाईचे दोन दात

रोज सकाळी स्पिरिटचा दिवा पेटवण्याआधी मावशी खिडकीशी उभी राहायची आणि खालचे पुढचे दात अंगठ्याने एकेक करून दाबून बघायची. घराबाहेर पडताना आपण कुलूप ओढून बघतो, तसं. मग स्वतःशीच मान डोलवायची, हात धुवायची आणि कामाला बसायची. भाचीला बरीच वर्षं वाटत होतं, ही धंद्याची खोड असेल. शिंप्याची नजर येणाऱ्याजाणाऱ्याच्या शिवणीवर जाते, तसा हिचा अंगठा दातांवर जातो.

धंदा कवळ्यांचा. गल्लीच्या टोकाला सायकल दुरुस्तीचं दुकान, त्याच्या डोक्यावर दोन खोल्या. पुढच्या खोलीत काम, मागच्या खोलीत संसार. दातांच्या डॉक्टरांकडून माणसांच्या जबड्यांचे ठसे यायचे. त्यात प्लास्टर ओतून साचा काढायचा, साच्यावर मेणाच्या हिरड्या चढवायच्या, मेणात दात बसवायचे आणि शेवटी मेण काढून त्या जागी गुलाबी प्लास्टिक शिजवायचं. भिंतीवरच्या फळ्यांवर पांढरे जबडे ओळीने मांडलेले असत. नवा माणूस दारात आला की दचकायचाच.

"घाबरू नका, चावत नाहीत," मावशी म्हणायची. "चावायला लागले की मगच पैसे घेते."

गल्ली तिला बत्तिशीबाई म्हणायची, आणि तिला ते आवडायचं. दुपारी काम थांबवून ती एक सफरचंद घ्यायची, सुरी कसली आणि ताटली कसली, सरळ दात रोवायची. तो आवाज जिन्यावरून खाली जायचा. सायकलवाला हातातला पाना ठेवून म्हणायचा, "झाली वाटतं जेवणाची सुट्टी." कवळी न्यायला आलेल्या एखाद्या आजोबांसमोर तर ती मुद्दाम मोठा घास तोडायची आणि म्हणायची, "माझ्या हातचं काम गावभर हिंडतंय, पण माझ्या तोंडात माझ्या हातचं काही बसायचं नाही."

ही नुसती बढाई नव्हती. त्यामागे काय आहे, ते भाचीला ठाऊक होतं.

मावशीच्या आईचे दात ऐन चाळिशीत गेले. किडले नाहीत, फारसे दुखलेही नाहीत. नुसते हलायला लागले आणि एकामागून एक हातात आले. का, असं कुणी विचारलं नाही. आमच्याकडच्या बायकांचे दात लवकर जातात, एवढंच घरात म्हणायचे, कुणाचे केस लवकर पिकतात म्हणावं तसं. आई तोंडावर हात धरून बोलायला लागली आणि हसायची थांबली. मावशी तेव्हा नुकती शाळा सुटलेली पोरगी. ती एका कवळीवाल्याकडे प्लास्टरची झाडलोट करायला लागली आणि झाडता झाडता शिकली. तिने केलेली पहिली अख्खी कवळी आईसाठी होती. आईने ती घातली, आरशात पाहिलं आणि हसली. हसताना हात सवयीने तोंडाकडे गेला, तो मावशीने धरून खाली घेतला. पुढे थोरल्या बहिणीवरही तीच वेळ आली, तिचीही कवळी मावशीनेच केली. ही थोरली म्हणजे भाचीची आई.

भाची शिक्षण संपवून काम शिकायला म्हणून आली आणि राहिली. आता तिने तिशी ओलांडली होती, आणि जिन्याखालच्या पाटीवर दोघींची नावं होती. मावशीला तिचं कौतुक होतं, पण ते तोंडावर सांगायची पद्धत मावशीकडे नव्हती. "ठीक आहे," हे तिचं सर्वांत मोठं शाबासकीचं वाक्य.

एका दुपारी मावशीने मेण कापायची सुरी पुसली आणि सफरचंदाच्या फोडी केल्या.

"हे काय नवीन?" भाचीने विचारलं.

"वय झालं. जरा सभ्यपणे खावं म्हटलं."

दुसऱ्या दिवशीही फोडी. तिसऱ्या दिवशी सायकलवाल्याने वर मान करून विचारलं, "बाई, उपास धरलेत का?" मावशीने खिडकी लावून घेतली. पाण्याचा तांब्याही हल्ली जेवायच्या आत रिकामा व्हायचा. प्लास्टरच्या धुळीने घसा सुकतो, असं ती म्हणायची. धूळ काही नवी नव्हती, पण भाचीने ते मनावर घेतलं नाही.

मग एकदा भाची कवळ्या पोचवायला गेली, दवाखाना बंद होता म्हणून लगेच परतली, तर मावशी खिडकीकडे तोंड करून बसलेली. डाव्या हातात आरसा, दोन्ही गालांत कापसाचे बोळे, आणि उजव्या हातातल्या बारीक कुंचल्याने ती स्वतःच्या दातांच्या आतल्या बाजूला रेझिनचा चिकट लेप लावत होती. रेझिनखाली केसासारखी तार चमकत होती.

"मावशी, काय करतेस?"

मावशीने बोट वर करून थांब म्हणून सांगितलं. रेझिन घट्ट होत असताना बोलायचं नाही, हे तिनेच भाचीला शिकवलं होतं. त्यामुळे भाची थांबली. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. शेवटी बोळे बाहेर आले.

"दुरुस्ती," मावशी म्हणाली.

"कसली?"

"दोन दात जरा सैल झालेत. त्यांना शेजाऱ्यांशी बांधून टाकलं. दिसतंय का कुठे? बोल, दिसतंय?"

दिसत नव्हतं. काम इतकं सफाईचं होतं, की वेळ वेगळी असती तर भाचीने ते जवळून पाहायला मागितलं असतं.

"हे पहिल्यांदा करतेस?"

"पहिली तार सुटली म्हणून ही."

तेव्हा भाचीच्या लक्षात आलं. रोज सकाळी मावशी ज्या दातांना अंगठा लावून विचारत होती, ते तिनेच बांधलेले होते. ते हलणार कसे?

"डॉक्टरीणबाईंकडे चल."

"त्या काय वेगळं करणार? आणि उद्या गल्लीभर होईल, बत्तिशीबाईचीच बत्तिशी खिळखिळी म्हणून. धंदा बसेल."

"काही बसत नाही. चल."

"नाही म्हटलं ना."

भाची चिडली. "मग मलाही एक तार बांधून ठेव. माझ्याही हिरड्यांतून रक्त येतं."

हे ती रागात बोलली, पण खोटं बोलली नव्हती. मावशीच्या हातातला आरसा खाली आला.

"कधीपासून?"

"येतं अधूनमधून. ब्रश लाल होतो. आईचाही व्हायचा की."

मावशी उठली. कुंचला पुसला नाही, रेझिनच्या बाटलीचं झाकण लावलं नाही. भाचीने इतक्या वर्षांत असं कधी पाहिलं नव्हतं. "चप्पल घाल," ती म्हणाली.

त्यांना नेहमी काम देणाऱ्या डॉक्टरीणबाई मावशीपेक्षा बऱ्याच लहान होत्या. त्यांनी तार काढली, एक्स-रे काढला आणि पडद्यावर लावला. मावशीने आयुष्यभरात किती जबडे हाताळले असतील, पण ते सगळे प्लास्टरचे. प्लास्टरच्या साच्यात दात येतात, हिरडी येते. आतलं हाड येत नाही. ते ती पहिल्यांदा बघत होती आणि ते तिचं स्वतःचं होतं. नदी आटल्यावर पुलाचे खांब उघडे पडावेत, तशी समोरच्या दोन दातांची मुळं जवळजवळ टोकापर्यंत उघडी होती.

"हे असं कसं होईल?" ती म्हणाली. "सकाळ-संध्याकाळ दणकून घासते मी. दात बघा, आरशासारखे आहेत."

"पुढून आहेत. जिभेकडच्या बाजूला कीटण साचलंय, हिरडीच्या खालीसुद्धा. आणि दणकून घासल्याने हिरडी उलट खाली सरकते. वर तुमची तार. तिच्या आजूबाजूला तर ब्रश शिरतच नव्हता."

"म्हणजे तारेने घात केला?"

"दात आधीच सैल होते. तारेने ते तुम्हाला कळू दिलं नाही. हाड दुखत नाही, मावशी. गुपचूप जातं." मग त्यांनी प्रश्न सुरू केले. "सिगारेट, तंबाखू?"

"छे. ती खोड हिच्या वडिलांची. पण त्यांच्या हिरड्यांतून कधी थेंब येत नाही, त्याचीच ऐट आहे त्यांना."

"त्यांना घेऊन या. सिगारेटने रक्त यायचं कमी होतं, रोग नाही. तो आत वाढतच असतो. साखर कधी तपासलीत?"

"मी कुठे गोड खाते?"

"पाणी खूप पितेस," भाची मध्येच म्हणाली. फितूर माणसाकडे बघावं, तसं मावशीने तिच्याकडे पाहिलं.

रक्त तपासलं तर साखर निघाली, चांगलीच वाढलेली, आणि कोण जाणे कधीपासूनची. डॉक्टरीणबाईंनी समजावलं. साखर ताब्यात नसली की हिरड्या लवकर सुजतात आणि हाड लवकर झिजतं. हिरड्या सुजलेल्या राहिल्या की साखरही दाद देत नाही. दोन दात काढावे लागणार होते. बाकीचे वाचवता येण्यासारखे होते. खोलवर सफाई करायची, साखरेची औषधं घ्यायची, मऊ ब्रश हलक्या हाताने फिरवायचा, दातांच्या फटी साफ करायच्या आणि सांगितल्या वेळी दाखवायला यायचं.

"गेलेलं हाड भरून येतं?"

"तुमच्या बाबतीत तशी आशा दाखवणार नाही. आहे ते राखू."

मावशी म्हणाली, "आमच्या घरात हे असंच आहे. आईचं तेच, हिच्या आईचं तेच."

"घरातून कल येतो, मावशी. दात जायलाच हवेत, असं काही ठरून येत नाही."

मावशी खुर्चीवरून उतरली. "मग माझं राहू द्या. आधी हिचं बघा."

भाचीच्या हिरड्या सुजलेल्या होत्या, कीटण होतं. एक्स-रे लागला तेव्हा मावशी चष्मा चढवून पडद्याला नाक लावून उभी राहिली. "हिचं हाड कुठे आहे?" डॉक्टरीणबाईंनी बोटाने रेघ दाखवली. एका ठिकाणी किंचित कमी, बाकी सगळीकडे भरलेलं. वेळेत आलात, त्या म्हणाल्या.

"वर आहे," मावशी म्हणाली. "बघ, तुझं कुठवर आहे." भाची परीक्षेत पहिली आली असती, तरी ती एवढ्या तोऱ्यात बोलली नसती.

दात काढले. जखम भरल्यावर दोन दातांची पट्टी करायची वेळ आली. दुसऱ्या कुणाकडून करून घेऊ का, असं डॉक्टरीणबाईंनी हळूच विचारलं, तर मावशी ताठ झाली. "का? आमचं दुकान बंद पडलंय?" घरी आल्यावर तिने स्वतःच्या जबड्याचा साचा उचलला, निरखून पाहिला आणि भाचीसमोर ठेवला.

"तू कर."

"मी? तुझे दात?"

"मी म्हणून ठेवलंय ना, माझ्या हातचं माझ्या तोंडात बसणार नाही. माणसाने शब्द पाळावा."

भाचीने इतकं घाबरून कुठलंच काम केलं नव्हतं. मावशीचा डावा दात उजव्यावर जरासा चढलेला होता, पाय दुमडून बसल्यासारखा. भाचीने तो तसाच चढवला. मावशीने पट्टी भिंगाखाली धरली.

"रंग एक पायरी गोरा झालाय. मी जन्मात इतकी गोरी नव्हते. परत कर."

परत केली. या वेळी मावशीने ती घातली, खिडकीशी गेली, आरशात पाहिलं, ओठ ताणले, सोडले.

"छान झालंय," मावशी म्हणाली. ठीक आहे म्हणाली नाही.

त्या दिवसापासून गल्लीला काय कळेल ही भीती कुठल्या कुठे गेली. कवळी न्यायला कुणी आलं, की मावशी स्वतःची पट्टी काढून त्याच्या तळहातावर ठेवायची. "सांगा, यातला खरा कुठला? एकही नाही. हिचं काम आहे. माझी भाची." समोरचा माणूस संकोचाने हात पुढे धरून उभा. मग ती पट्टी धुऊन परत बसवायची आणि म्हणायची, "तुमचे कशाने गेले? साखर? विडी? माहीत नाही? मग मुलांना घेऊन जा डॉक्टरांकडे, तुमच्यासारखी माझ्याकडे नका धाडू. मला गिऱ्हाईक कमी नाहीत." सायकलवाल्याचं रक्त तिनेच तपासून घ्यायला लावलं. भाचीच्या वडिलांची सिगारेट तिला सोडवता आली नाही, पण त्यांची ऐट तिने सोडवली.

सकाळची खिडकी चालू राहिली. अंगठ्याऐवजी आता मऊ ब्रश होता, आणि आधी भाचीला हाक: "ये, उजेडात उभी राहा. आ कर." बाकीचे दात मावशीने शेवटपर्यंत राखले. आईचे दात गेले त्या वयाला भाची पोचली, मग ते ओलांडून पुढे गेली, आणि तिच्या तोंडात तिचे सगळे दात होते. त्या वाढदिवसाला मावशीने दुकानाला सुट्टी दिली आणि सायकलवाल्याला खिडकीतून कारण ओरडून सांगितलं.

शेवटच्या आजारपणात ती मागच्या खोलीत पडून असायची आणि पुढच्या खोलीतल्या पॉलिशच्या यंत्राचा आवाज ऐकत राहायची. एका दुपारी भाची काम थांबवून तिच्याजवळ बसायला आली. एका हातात सफरचंद होतं, दुसऱ्या हातात ताटली आणि सुरी. मावशीने डोळे उघडून आधी सुरीकडे पाहिलं, मग भाचीकडे.

"सुरी कशाला गं? दात आहेत ना तुला."