जेवण तुमचं, बिअर आमची

न्युरेम्बर्गहून आमची छोटी रेल्वे सुटली तेव्हा आम्ही चौघं समोरासमोर बसलो होतो आणि बोलत होतो तिघंच. फुटबॉलचा वर्ल्ड कप नुकताच संपला होता, बाल्कन्यांत झेंडे अजून लटकत होते. आमची थोरली लेक मृणाल इथे जर्मनीत इंजिनिअर आहे. तिचा धाकटा भाऊ केदार अमेरिकेतून, पोर्टलंडहून आला होता. वर्षापूर्वी तो सॉफ्टवेअरची नोकरी सोडून एका लहानशा ब्रुअरीत बिअर बनवायला लागला. तेव्हापासून ह्यांनी त्याला कामाबद्दल एक अक्षर विचारलं नव्हतं. "जेवलास का?" आणि "थंडी आहे का?" एवढ्यावर बाप-लेकाचा फोन आटपायचा. या सुट्टीत ह्यांची गुळणी सुटावी, एवढंच मला हवं होतं. किल्ले नि चर्च बघायचे राहिले असते तरी चाललं असतं.

चेरीच्या बागा मागे टाकत आम्ही एका खेड्यात उतरलो आणि चढण चढून केलरवर पोचलो. केलर म्हणजे बिअर थंड राहावी म्हणून डोंगरात खोदलेलं तळघर. त्याच्यावर, मोठ्या झाडांच्या सावलीत, लांब बाकं मांडलेली. अनोळखी माणसं एकाच बाकावर बसतात आणि जेवण घरून आणतात. हे कळल्यावर मी पहाटेच दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी केली होती. शेजारच्या आजींनी डब्यातला मुळा पुढे केला, मी दशमी दिली. परक्या मुलखात इतकं घरच्यासारखं मला कुठेच वाटलं नव्हतं.

केदारने बिअरचा 'सायडला', म्हणजे अर्ध्या लिटरचा दगडी मग, मागवला, ह्यांनी सफरचंदाचा रस.

"इथे बार्ली, हॉप्स, पाणी, यीस्ट, बस," केदार मला सांगत होता. हॉप्स म्हणजे कडवटपणा देणारी वेलीवरची फुलं. "आजोबांनी केली तशीच नातू करतो. आमच्याकडे उलटं. कालच्यासारखी झाली तर लोक विचारतात, नवीन काय? संत्र्याची साल घाल, कॉफी घाल, मिरचीसुद्धा."

मी त्याच्या मगातून घोटभर चाखली. भाजलेल्या पावाचा वास, मऊ चव. हे झाडांकडे बघत होते.

मग मी माझा डाव टाकला. केदारने मोज्यांत गुंडाळून आणलेली त्याच्या बिअरची बाटली मी दशम्यांखालून काढली आणि बाकावर ठेवली. लगेच एक आडदांड माणूस हात हलवत आला. ब्रुअरीचा मालक तोच.

"आल्झो... म्हणजे," मृणाल पुटपुटली, "तो म्हणतोय जेवण तुमचं चालेल, बिअर मात्र आमचीच. आई, अगं काय हे!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. केदारने घाईघाईने सांगितलं की ही मीच बनवलेली आहे. मालकाच्या कपाळावरची आठी गेली. त्याने ग्लास मागवले आणि आमच्यातच बसला. वास घेतला, घोट घेतला.

"म्हणतोय, काम स्वच्छ आहे," मृणालने सांगितलं. "पण हॉप्स फार. ही बिअर नाही, औषध आहे."

केदारचा चेहरा उतरला. ह्यांनी रसाचा ग्लास खाली ठेवला.

"मृणाल, सांग त्याला. ती तशीच असते. मुद्दाम तशी केलीय."

मालक हसला. "तुम्ही प्यायलात?"

आता आली का पंचाईत! जन्मात थेंब न घेतलेल्या माझ्या नवऱ्याने ग्लास उचलला आणि एक घोट घेतला. चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला.

"कारल्यासारखी आहे," हे म्हणाले. मग थांबून, "मला कारलं आवडतं." आणि दुसरा घोट घेतला.

मालकाने स्वतःच्या हाताने केदारचा मग भरून आणला आणि त्याला तळघर दाखवायला नेलं. हेही मागोमाग उठले. मृणाल आणि मी उरलेल्या दशम्या आजींबरोबर संपवल्या.

परतीच्या गाडीत हे केदारच्या शेजारी जाऊन बसले. ह्यांची सगळी नोकरी पाणीपुरवठा खात्यात गेली.

"केदार, तुमच्याकडे पाणी कसं रे? जड की हलकं?"

"हलकं, बाबा. एकदम हलकं."

"मग त्या जर्मनासारखी चव येणारच नाही तुला. क्षार किती घालता?"

त्या माणसाचं नाव विचारायचं राहूनच गेलं. माझ्या मुलाला त्याने तोंडावर नावं ठेवली, त्याबद्दल मी त्याची जन्माची ऋणी आहे. न्युरेम्बर्ग आलं, दारं उघडली, मृणाल हाका मारत होती, आणि बाप-लेक जागेवरून हलायला तयार नव्हते.